सेमऱ्याचा उतार

श्रीराम पुराणिकला मोटारींचं वेड कधीच नव्हतं. त्याच्याकडे एक जुनी स्कूटर होती, आणि तिच्यावर बसून जाण्यापेक्षा तिला ढकलत नेण्याचेच प्रसंग त्याच्यावर जास्त यायचे. वेड होतं ते बिंदुमाधव शेवडेला. त्या वेडापायीच त्याने श्रीरामला सेमऱ्याच्या वळणावर नेऊन उभं केलं.

दोघं एकाच वयाचे. बालाजी घाटावर एकत्र पोहायला शिकलेले, एकाच गुरुजींकडे रूपं घोकलेले. श्रीरामच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वेदपाठ चालत आलेला. त्याने स्वतः बँकेत नोकरी धरली, तरी आवाज घराण्याचाच राहिला. घाटावरून त्याने कुणाला हाक मारली की मधल्या धारेतला नाववाला वळून बघायचा. बिंदुमाधव रेल्वेत होता, मुगलसरायच्या कंट्रोलमध्ये. कुठली गाडी कुठे थांबवायची, कुठली आधी सोडायची, हे दिवसभर फोनवरून सांगत बसायचं, हेच त्याचं काम. सुट्टीच्या दिवशी तो छावणीतल्या मोटर क्लबात जायचा आणि दुसऱ्यांच्या गाड्यांच्या बॉनेटखाली डोकं घालून बसायचा. स्वतःची गाडी घेण्याची ऐपत नव्हती, पण क्लबात त्याला मान होता, कारण सांगितलेलं काम तो चोख करायचा.

शहाऐंशी सालच्या फाल्गुनात क्लबाने रॅली भरवायचं ठरवलं. चकियाच्या पुढे, पठारावरच्या जंगलात. देशभरातून चाळीसेक गाड्या येणार होत्या. करमडीहपासून सेमऱ्यापर्यंतचा जंगलरस्ता बिंदुमाधवच्या ताब्यात दिला गेला. त्या रस्त्यावरची शर्यत सुरू करायची की थांबवायची, की साफ रद्द करायची, हे ठरवण्याचा अधिकार त्या दिवशी एकट्या त्याचा राहणार होता.

"म्हणजे सगळ्या एकदम पळत नाहीत?" श्रीरामने विचारलं होतं. संध्याकाळी दोघं घाटाच्या पायऱ्यांवर बसले होते.

"नाही. एक गाडी सुटते, दोन मिनिटांनी दुसरी. रस्ता बंद करायचा, वेळ मोजायचा. त्या तुकड्याला स्टेज म्हणतात. असे आठ-दहा तुकडे, सगळ्यांची बेरीज."

"मग बघणाऱ्याला कसं कळणार, कोण पुढे आहे ते?"

"नाही कळत."

"मग बघायला येणार कोण?"

बिंदुमाधव हसला. त्यालाही तसंच वाटत होतं. दोन-तीन हजार माणसं येतील, होमगार्ड आणि दोरखंड पुरतील. पण सेमऱ्याच्या वळणावर, जिथे जंगलरस्ता पक्क्या सडकेला मिळतो आणि सडक तिथून घाट उतरून चकियाकडे जाते, तिथे त्याला भरवशाचा माणूस हवा होता. येणाऱ्या गाड्या खाली शेतात लावायला सांगायचं आणि माणसांना पायी वर सोडायचं, एवढंच काम होतं.

"मला त्यातलं काय कळतं?"

"तुला कार्तिकी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर स्नानाची भीड सांभाळता येते ना? तेच इथे. तू ओरडलास की लोक ऐकतात."

"मृणालिनी सोडून," श्रीराम आपल्या बायकोचं नाव घेऊन म्हणाला, आणि कबूल झाला.

दोघांच्याही हिशेबात जे नव्हतं ते आदल्या दिवशी घडलं. शहरातल्या एका हिंदी वर्तमानपत्राने पहिल्या पानावर छापलं की करमडीहच्या पुढच्या रपट्यावर मोटारी हवेत उडणार आहेत. रपटा म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा दगडी बांध. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून वाहून जातं, बाकी वर्षभर त्याच्यावरून बैलगाड्या जातात. रस्ता तिथे खोल उतरतो आणि लगेच चढतो. वेगात आलेली गाडी त्या चढावर जमीन सोडणार, हे खरंच होतं. बातमी खोटी नव्हती. नकाशासुद्धा दिला होता.

सकाळी उन्हं वर यायच्या आत माणसं येऊ लागली. सायकली, मग ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मग लग्नाच्या वऱ्हाडासारख्या भरलेल्या बसगाड्या. बिंदुमाधवने आपला तळ रपट्याजवळच्या उंचवट्यावर ठेवला होता, कारण गर्दी होणार तर तिथेच. शर्यतीची सुरुवात पलीकडच्या टोकाला, करमडीहला. तिथे स्पर्धकांच्या गाड्या आणि नियमाप्रमाणे एक अँब्युलन्स उभी होती. बंदोबस्तावरच्या सगळ्यांकडे वायरलेसचे सेट होते. एकाने बोललेलं सगळ्यांना ऐकू जायचं.

"बिंदू," श्रीरामचा आवाज आला, "चकिया तर रिकामं झालं असावं. आता अहरौरा येतंय."

"गाड्या खाली लाव. वर एकही नको."

"शेत भरलं रे. आता सडकेवरच लावतायत. मी एका बाजूला दाबून घेतोय, पण ट्रॉलीवाले ऐकत नाहीत, वर चढतायत."

बिंदुमाधवने उंचवट्यावरून पाहिलं. नाल्याचे दोन्ही काठ माणसांनी भरून गेले होते. पळसाच्या झाडांवर माणसं होती. दोरखंड कधीच दिसेनासे झाले होते. रपट्याच्या वरच्या अंगाला, जिथे गाडीची चाकं पुन्हा जमिनीला टेकणार होती, नेमकी तिथेच एक बाई लेकरू मांडीवर घेऊन लाई-चणे खात बसली होती. तो खाली उतरून तिच्यापाशी गेला आणि तिला उठायला सांगितलं. ती गुमान उठली, हातभर सरकली आणि पुन्हा बसली. तो दुसऱ्यांना उठवायला गेला आणि वळून पाहतो तर तिच्या मूळ जागेवर एक अख्खं कुटुंब येऊन बसलेलं.

शर्यतीआधी रस्ता मोकळा आहे का ते पाहायला एक गाडी भोंगा वाजवत जाते. ती आली तेव्हा माणसं बाजूला झाली. ती गेली आणि तिच्यामागे गर्दी पुन्हा मिटली, होडीमागे पाणी मिटावं तशी.

त्याने सुरुवात पुढे ढकलली. होमगार्ड काठ्या घेऊन फिरले, कुणी शिव्या दिल्या, कुणी हसलं, आणि बऱ्याच खटपटीनंतर रस्त्याची एक पट्टी मोकळी दिसू लागली. क्लबाचे अध्यक्ष बाबू विश्वंभरनाथ जीपमधून आले. शहरातल्या बर्फाच्या कारखान्याचे मालक. रॅलीला त्यांच्याच शब्दावर परवानगी मिळाली होती. ते म्हणाले, "शेवडेजी, अब छोड़िए. धूप बढ़ेगी तो पब्लिक और बिगड़ेगी."

त्याने पहिली गाडी सोडली.

ती रपट्यावर आली, खरंच उडाली, आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली. त्या गर्दीतल्या कुणीही तसं काही आधी पाहिलेलं नव्हतं. हजारो माणसांच्या तोंडून एकच आवाज निघाला, आणि तो विरायच्या आत सगळी माणसं एक पाऊल पुढे आली. दुसरी गाडी आली तेव्हा पट्टी निम्मी उरली होती. पोरगेले बाप्ये हात लांब करून उभे होते. गाडीला हात लागला पाहिजे, अशी त्यांच्यात पैज लागली होती.

तिसरी गाडी उडाली, टेकली, वेडीवाकडी गेली आणि पुढे जाऊन थांबली. बिंदुमाधव धावत गेला. कोइमतूरचा सेल्वराज नावाचा ड्रायव्हर बाहेर उतरला होता आणि दाराला धरून उभा होता. गाडीच्या आरशाला एक लाल गमछा अडकून लोंबत होता.

"मला रस्ता दिसत नाही," तो इंग्रजी-हिंदीत म्हणाला. "फक्त माणसं दिसतात. मी माणसांवर गाडी घालतो आणि रस्ता उघडतो. एखाद्या वेळी नाही उघडणार."

तेवढ्यात एक माणूस धापा टाकत आला. त्याच्या मानेवर लाल वळ उठला होता आणि तो खूश होऊन हसत होता. "साहब, हमारा गमछा," म्हणाला. त्याने तो आरशावरून सोडवून घेतला, झटकला आणि पुन्हा गळ्यात टाकून आपल्या जागेवर जायला निघाला.

बिंदुमाधवने वायरलेस तोंडाशी धरला. करमडीहला सांगितलं, चौथी गाडी सोडू नका. स्टेज रद्द.

बाबू विश्वंभरनाथ त्याच्या बाजूला येऊन उभे राहिले. ते ओरडले नाहीत. "थोडं थांबा," ते म्हणाले, "पोलीस मागवतो. इतकी माणसं कोसच्या कोस चालत आली आहेत. त्यांना काय सांगणार?"

"जिवंत घरी जा, असं सांगणार."

"आप समझ लीजिए."

"समजून घेतलं," बिंदुमाधव म्हणाला.

लाऊडस्पीकरवरून सांगितलं गेलं की शर्यत बंद, आता एकही गाडी येणार नाही. आधी कुणाचा विश्वास बसला नाही. मग थोडी दगडफेक झाली, एक छत्री फाटली, एका होमगार्डची टोपी नाल्यात गेली. मग लोक उठले. आले होते ते पहाटेपासून, सवडीसवडीने. उठले ते सगळे एकदम.

"बिंदू," वायरलेसवर श्रीराम होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात मस्करी नव्हती. "सगळ्यांना एकदम सोडलंस का? इथे अजून खालून गाड्या वर येतायत. त्यांना कळलेलंच नाही. वरची भीड उतरली तर उतारावर दोन्हीकडून अडकेल."

"तू येणाऱ्यांना मागे फिरव."

"फिरायला जागा नाही रे. तू असं कर, तिकडे थोडी माणसं धरून ठेव. उरलेल्या गाड्या हळूहळू, बैलगाडीच्या चालीनं एकेक सोड. लोक बघत बसतील. तेवढ्यात मी सडक मोकळी करतो."

बिंदुमाधवने रपट्याकडे पाहिलं. ती लाई-चण्यावाली बाई लेकरू कडेवर घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी होती, बहुधा नवरा शोधत. त्याच्या डोळ्यांसमोरून तो गमछा हलत नव्हता. गाडी हळू सोडा म्हटलं तरी चालवणारा हळू चालवील याची खात्री काय, आणि लोक तिच्या बॉनेटवर चढले तर?

"एकही गाडी सोडणार नाही," तो म्हणाला.

"अरे, हळू सोड म्हणतोय."

"श्रीराम, नाही. तू वळण सांभाळ."

सेट खरखरला. "बरं," श्रीराम म्हणाला.

नंतर वायरलेसवर बराच वेळ नुसती गडबड होती. कुणी पाणी मागत होतं, कुणी पोलिसांना बोलावत होतं. अधूनमधून सेटशिवायसुद्धा, लांबून, सेमऱ्याच्या बाजूने श्रीरामचा आवाज येतो आहे असा बिंदुमाधवला भास होत होता. मग कुणीतरी अनोळखी माणूस श्रीरामच्या सेटवरून बोलला. म्हणाला, उतारावर ट्रॉली सुटली. साहेबांना लागलंय.

करमडीहची अँब्युलन्स निघाली आणि जंगलरस्त्यावरच्या गर्दीत रुतून बसली. तिचा भोंगा वाजत राहिला. बिंदुमाधव तिची वाट न बघता पळत सुटला. माणसांच्या मधून, ट्रॉल्यांच्या चाकांना घासत, कुणाच्या खांद्याला धक्का देत. रेल्वेत गाडी थांबव म्हटलं की गाडी थांबते आणि पुढचं सांगेपर्यंत उभी राहते. इतकी वर्षं त्याने तेच केलं होतं.

सेमऱ्याच्या वळणापुढे सडक तीव्र उतरते. तिथे वर येणाऱ्या आणि खाली जाणाऱ्या गाड्या एकमेकींत अडकल्या होत्या. माणसांनी भरलेल्या एका ट्रॉलीचा ब्रेक धरेना झाला होता. तिच्यापुढे, मोरीच्या कठड्याला टेकून, दमलेल्या बायकांचा एक घोळका बसला होता. श्रीराम ओरडला तशा त्या उठून पळाल्या. दोघी-तिघींना त्याने हाताला धरून ओढलं. ट्रॉली कठड्यावर आदळली तेव्हा मध्ये तो होता. बाकी कुणाचा हात मोडला, कुणाचा पाय. बस, एवढंच.

गावातल्या चौघांनी त्याला एका खाटेवर घातलं होतं आणि गाड्यांच्या मधून वाट काढत ते खाली निघाले होते, चकियाच्या दवाखान्याकडे. बिंदुमाधवने त्यांना उताराच्या शेवटी गाठलं. खाटेचा एक पाय धरला आणि चालू लागला. "श्रीराम, आलोच आपण," असं तो म्हणत राहिला. खांदा बदलायला ते थांबले तेव्हा त्यातल्या एका म्हाताऱ्याने आपलं पागोटं सोडून श्रीरामच्या तोंडावर घातलं. त्यांना मघाशीच कळलं होतं. याला कसं सांगायचं म्हणून ते बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मणिकर्णिकेला अग्नी देऊन सगळे परत आले. संध्याकाळी बिंदुमाधवच्या दाराशी सेल्वराज उभा होता. रात्रीच्या गाडीने तो निघणार होता. विचारत विचारत बालाजी घाटाच्या गल्लीपर्यंत आला होता. बिंदुमाधवच्या बायकोने, सुमेधाने, त्याला पाणी दिलं.

"तुम्ही थांबवलं नसतं," तो म्हणाला, "तर चौथ्या किंवा पाचव्या गाडीखाली वीस-पंचवीस माणसं गेली असती. मी बारा वर्षं गाडी चालवतो आहे. हे मी कुणालाही सांगीन."

"त्याच्या घरी सांगाल?" बिंदुमाधवने विचारलं.

सेल्वराज हो म्हणाला. दोघं मंगला गौरीच्या गल्लीत गेले. पुराणिकांच्या घराचं दार उघडं होतं आणि आतून बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. सेल्वराज पायरीशी थांबला. मग त्याने हात जोडले, बिंदुमाधवला नव्हे, त्या दाराला, आणि तो तसाच मागच्या मागे निघून गेला. बिंदुमाधवने त्याला हाक मारली नाही.

चौकशी झाली. बाबू विश्वंभरनाथांनी जबानी दिली की मी यांना थोडं थांबा म्हणालो होतो. ते खरंच म्हणाले होते. वर्तमानपत्रांनी लिहिलं की शर्यत अचानक रद्द केल्यामुळे कोंडी होऊन अपघात झाला. तेही खोटं म्हणता येत नव्हतं. चौकशी अधिकाऱ्याने बिंदुमाधवला विचारलं, रद्द केलं नसतं तर अपघात झाला असता याला पुरावा काय? बिंदुमाधव म्हणाला, एक गमछा होता. अधिकाऱ्याने वर पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. शेवटी गर्दी अनपेक्षित होती, कुणाचा दोष नाही, असं ठरलं.

चौदावा झाल्यावर बिंदुमाधव पुराणिकांकडे गेला. मृणालिनी पुढच्या खोलीत बसली होती. मुलीने, बकुळने, त्याला बसायला पाट दिला आणि ती दारातच उभी राहिली. बकुळ विद्यापीठात शिकत होती. एरवी काकांशी अखंड बडबडणारी मुलगी त्या दिवशी भिंतीकडे बघत होती.

"भाऊजी," मृणालिनी म्हणाली, "बँकेतले बाळ जोशी आले होते. तेही होते तिथे, वायरलेस घेऊन. ते म्हणाले, यांनी तुम्हाला सांगितलं होतं. लोकांना थोडं धरून ठेवा म्हणून."

"हो."

"मग का नाही ऐकलंत?"

त्याने सांगितलं. गमछ्याचं सांगितलं, रस्त्यात उभ्या असलेल्या बाईचं सांगितलं, गाडी हळू सोडली तरी काय होऊ शकलं असतं ते सांगितलं. त्याचं बोलणं संपलं तेव्हा आपण जे बोललो ते सगळं बरोबर असूनही कुठेच पोचलं नाही, असं त्याला वाटलं.

"गाड्या हळू सोडल्या असत्या तर हे घरी आले असते?"

"बहुतेक आला असता."

"आणि शर्यत चालू ठेवली असती तर?"

"तर... तरीही आला असता. पण दुसरे पुष्कळ गेले असते, वहिनी."

"कोण?"

दाराशी उभी असलेली बकुळ हळूच म्हणाली, "काका, आप अभी जाइए. आईला बरं नाही." त्या घरात इतक्या वर्षांत तिने त्याला कधी 'आप' म्हटलं नव्हतं.

तो उठला. पुढचे कितीतरी महिने त्या गल्लीवरून जायचं झालं की तो घाटाच्या बाजूने वळसा घालून जाई. क्लबात जाणं त्याने सोडलं. कंट्रोलमध्ये काम करताना एखादी गाडी थांबवायची वेळ आली की तो विचारी, हिच्यामागे काय आहे? पलीकडचा स्टेशनमास्तर चिडून सांगे, साहेब, तुमच्यासमोरच तर सगळं आहे. सुमेधा रात्री उठून बघे तर हा अंथरुणात बसलेला. एकदा ती म्हणाली, "अहो, तुमचं चुकलं का, ते तरी एकदा ठरवा. म्हणजे मला कळेल, समजूत कशाची घालायची."

"रद्द केलं ते चुकलं नाही," तो म्हणाला. "पण सगळ्यांना एकदम सोडलं, ते..."

पुढच्या वर्षी माघात क्लबाची माणसं मृणालिनीकडे आली. श्रीरामच्या स्मरणार्थ पुन्हा रॅली भरवायची होती, ढाल द्यायची होती. तिने ऐकून घेतलं, विचार करून सांगते म्हणाली, आणि बकुळला बिंदुमाधवच्या घरी पाठवलं. निरोप एवढाच होता की मला ती जागा दाखवा.

एका साध्या दिवशी तिघं बसने निघाले. चकियाला बस बदलली. घाट चढताना मृणालिनी खिडकीबाहेर बघत होती. सेमऱ्याच्या वळणावर ते उतरले. रस्ता मोकळा होता. एका टपरीवर चहा उकळत होता. मोरीचा कठडा नवा बांधला होता आणि त्याला चुना दिला होता. बिंदुमाधवने जागा दाखवली. मृणालिनीने कठड्यावर हात ठेवला. खाली वाकून बकुळने पिशवीतून फुलं काढली आणि ठेवली. कुणी रडलं नाही. एक ट्रक उतरून गेला, त्याच्या वाऱ्याने दोन फुलं उडाली.

"आता ती दुसरी जागा," मृणालिनी म्हणाली.

"कुठली?"

"जिथे माणसं मेली असती ती."

जंगलरस्त्याने ते चालत गेले. रपटा आला. नाल्यात पाण्याची एक बारीक रेघ होती आणि वाळलेली पानं. काठावर बकऱ्या चरत होत्या. बिंदुमाधवने हात करून दाखवलं, गाडी इथून यायची, इथे उडायची, इथे टेकायची. इथे सगळी माणसं बसली होती. सांगता सांगता त्यालाच ते खरं वाटेना. इतकी रिकामी जागा होती ती.

बकऱ्यांच्या मागे एक बाई आली. बरोबर दोन पोरं, त्यातलं एक कडेवर. बिंदुमाधवने तिच्याकडे निरखून पाहिलं, पण ती तीच होती की नाही, सांगता येत नव्हतं. शहरातली माणसं बघून ती थांबली.

"मोटर वाली जगह देखने आए हैं?" तिने विचारलं.

"तू होतीस का इथे, त्या दिवशी?" मृणालिनीने हिंदीत विचारलं.

"थी न. पूरा गाँव था. पर कुछ हुआ ही नहीं. दो-तीन गाड़ी आई, फिर साहब लोग बंद करा दिए. बच्चे लोग बहुत रोए." तिने कडेवरचं मूल वर सरकवलं. "बेकार में दिन गया."

बिंदुमाधव नाल्याकडे बघत राहिला. बकुळने आईकडे पाहिलं. मृणालिनी त्या बाईकडे बघत होती, मग पोरांकडे. मोठ्या पोरीने पळसाच्या पानाचा द्रोण केला होता आणि त्यात काहीबाही गोळा केलं होतं.

"कितने बच्चे हैं?" मृणालिनीने विचारलं.

"तीन. एक ठो घर पर है."

बाईने विचारलं, पाणी पिणार का, झोपडी इथेच आहे. मृणालिनी हो म्हणाली. तिघं झोपडीपर्यंत गेले, पितळी लोट्यातून पाणी प्यायले. मृणालिनीने पिशवीतला प्रसादाचा पुडा काढून पोरांच्या हातावर ठेवला. तिसरं घरात निजलं होतं, त्याच्यासाठी वेगळा बांधून दिला.

परतताना ती बिंदुमाधवच्या पुढे चालत होती. वळण दिसायला लागलं तेव्हा न थांबता म्हणाली, "क्लबवाल्यांना नाही म्हणून सांगा. यांचं नाव कशाला देऊ नका म्हणावं."

"सांगतो."

"आणि भाऊजी, तुम्ही घाटाकडून वळसा घालून जाता, ते मला माहीत आहे. जात जा हवं तर. मला अजून तुमच्याशी बोलवत नाही."

"बरं, वहिनी."

टपरीवर विचारलं तर चकियाची बस यायला अजून वेळ होता. तिघं कठड्यापासून जरा लांब, सडकेच्या कडेला उभे राहिले.